प्रभूच्या वाट्याचे तांदूळ

आमच्या घरात दोन प्रकारची पत्रकं येत. वडिलांच्या खाकी शर्टाच्या एका खिशात मिशनची, दुसऱ्या खिशात युनियनची. मिशनच्या पत्रकावर कंदिलाचं नाहीतर अरुंद वाटेचं चित्र असे आणि खाली एखादा प्रश्न: तू कुठे चालला आहेस? युनियनचा कागद त्याहून पातळ, शाई बोटाला लागणारी. त्यात प्रश्न नसत, सगळी वाक्यं हुकूम सोडल्यासारखी. शाळेत जायच्या आधी मी या दोन्हींवर वाचायला शिकले. त्यामुळे असेल, देव आणि बोनस हे दोन विषय मला कधी फारसे वेगळे वाटले नाहीत. दोन्हीकडे कोणीतरी गरिबांच्या बाजूने बोलत होतं आणि दोन्हीकडे उद्गारचिन्हांची रेलचेल होती. ती सवय माझ्या लिहिण्यातून अजून पुरती गेलेली नाही.

वडील कर्जत स्टेशनात पॉइंट्समन होते. घाट चढायचा तर गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. ती जोडायची, सोडायची, सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, अशी त्यांची कामं. आमचं मूळ नगरकडचं. आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून मिशनच्या शाळेत गेले आणि ख्रिस्ती झाले. नोकरीने वडिलांना कर्जतला आणलं. इथे आमच्यासारखी घरं थोडी, आणि जवळजवळ सगळी रेल्वेतली. बाजाराच्या मागे पत्र्याचं प्रार्थनामंदिर होतं, त्याला लागून पाळकसाहेबांच्या दोन खोल्या.

त्या दोन खोल्यांतली चूल आमच्या चुलींवर चाले. ते असं. आई दर वेळी तांदूळ मापून घेई आणि धुवायच्या आधी त्यातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकी. टाकताना तिचे ओठ हलत. ही प्रभूची मूठ. मंडळीतल्या सगळ्याच बायका असं करत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरोघरचे डबे प्रार्थनामंदिरात मेजापुढे ठेवायचे, पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना करायची आणि मग ते तांदूळ पाळकांच्या घरी जायचे. नगरला आजी हेच बाजरीचं करायची. दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळू लागला तेव्हा आईने मिलोची मूठ काढली.

घरात तांदूळ कमी असले तरी मूठ कमी होत नसे. मी कधी कुरकुरले तर आई म्हणायची, "आधी काढायचं, मंग जे ऱ्हाईल ते आपलं. खाऊन उरल्यावर द्यायचं ते तर कुत्र्यालाबी देत्यात."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला. मी नुकतीच नववीची परीक्षा दिली होती. संपाच्या आधी स्टेशनाबाहेर गेट मीटिंग झाली, तिला मी वडिलांचं न ऐकता गेले होते. भाषणं झाली आणि मग पुढाऱ्याने शपथ घ्यायला सांगितली. कुणी रुळाकडच्या खडीचा दगड हातात घेतला, कुणी गळ्यातली माळ धरली, कुणी आपल्या कुलदैवताचं नाव घेतलं. ज्या घरांनी छप्पन साली धम्म घेतला होता त्यांनी बुद्धाची शपथ घेतली. वडील हात खाली सोडून उभे.

"दाजी, हात वर करा की," शेजारचे मामा म्हणाले. हे मामा म्हणजे रूळ राखणारे गँगमन, दहिवलीचे, आईला बहीण मानणारे. वडिलांना ते दाजी म्हणत आणि संधी मिळेल तिथे चिमटा काढत.

"आमच्यात शपथ घेत न्हाईत," वडील म्हणाले. "हो म्हणलं का हो."

"मंग म्हना तरी मोठ्यानं."

"हो," वडील मोठ्याने म्हणाले. "मी संपात हाय."

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "येशूबाबा निसटायला भोक ठेवतोय." त्या दिवसापासून वडिलांवर आपल्याच माणसांचं लक्ष होतं. शपथ न घेणारा पहिला फुटणार, असा सगळ्यांचा हिशेब.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यावर उपदेश केला. आवाज शांत, कुणाचं नाव नाही. पण समोर सगळे रेल्वेवाले, त्यामुळे नावाची गरजही नव्हती. उपासना संपल्यावर त्यांनी वडिलांना बाजूला घेतलं. वडील मंडळीचे वाचक होते. आमच्या मंडळीचा रिवाज असा की शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, पाठ मंडळीतल्याच माणसाने वाचायचा. पाळकांनी तो समजावून सांगायचा, वाचायचा नाही. वडिलांनी किती वर्षं तो वाचला असेल, मला समजायला लागल्यापासून दुसऱ्या कुणाला मी त्या मेजाजवळ पाहिलंच नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, "संपावर आहात तोवर तुम्ही मेजाजवळ उभं राहू नये, असं मंडळीच्या पंचांना वाटतं. मलाही वाटतं."

"बरं," वडील म्हणाले.

पुढच्या रविवारी ते दाराजवळच्या चटईवर बसले. तिथे उशिरा येणारे आणि तान्ही मुलं घेतलेल्या बाया बसत. बुकिंगमधल्या एका कारकुनाने पाठ वाचला. तो संपात नव्हता. त्याचं वाचणं रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं होतं आणि मी मान खाली घालून दात आवळत होते.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आता तिथं जायचं नाय."

"का गं?"

"तुमचा अपमान केला त्यांनी."

"मी वाचायला जात हुतो व्हय तिथं?" वडील म्हणाले. "मंडळी काय पाळकसाहेबांची हाय, का पंचांची?"

"मग कुणाची?"

वडील खाली बसले. पायातले बूट काढले आणि आईला पाणी मागितलं. मला राग आला की असं व्हायचं: माझी वाक्यं लांबत जायची आणि त्यांची संपून जायची.

संप जोर धरू लागला तशी धरपकड सुरू झाली. पगार हातात आला नव्हता. मग क्वार्टर रिकामं करण्याच्या नोटिसा आल्या. कामावर हजर होणाऱ्याला राहता येईल, बाकीच्यांनी निघायचं. आमच्या ओळीतली दोन घरं गुपचूप कामावर गेली. त्या घरांकडे बायका पाठ करून भांडी घासायच्या.

नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दुपारी पाळकसाहेब आले. मे महिन्याचं ऊन, हातात छत्री, सदरा पाठीला चिकटलेला.

"सलाम."

"सलाम, साहेब. या, बसा."

आईने बिनदुधाचा चहा ठेवला. पाळकसाहेबांनी कप हातात घेतला आणि पिण्याआधीच बोलायला सुरुवात केली. "कल्याणला आपल्यातले एक अधिकारी आहेत. विश्वासी माणूस आहे. मी काल त्यांना भेटून आलो. तुम्ही उद्या सकाळी नुसतं हजर व्हा. क्वार्टरला कोणी हात लावणार नाही."

वडिलांनी विचारलं, "तुमी माझ्यासाठी कल्याणला गेलता? गाड्या तर बंद हायेत."

"ट्रकने गेलो. ते जाऊ द्या. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे पुढे. डोक्यावर छप्पर नको?"

"उपकार हायेत तुमचे, साहेब. पर मी हो म्हणलोय."

"कुणाला?"

"सगळ्यांना. गेटवर."

पाळकसाहेब पुढे सरकले. "तुम्ही शपथ घेतली नाहीत, हे मला कळलं. मला अभिमान वाटला तुमचा. पण मग तुम्हाला बंधन कसलं?"

वडील हसले. त्या दिवसांत ते फार कमी हसत, म्हणून ते हसणं मला नीट आठवतं. "साहेब, हे तुमीच शिकवलंत. शपथ घेणाऱ्याचं एक बरं असतंय. मोडली, तर नारळ फोडतो, माफी मागतो, मोकळा हुतो. माझ्याकडं नुसतं हो हाय. तेच मोडलं तर उद्या मी देवाला तरी कुठल्या तोंडानं हो म्हणू?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मग मी बोलले. माझ्या तोंडात युनियनचं पत्रक तयारच होतं, आणि त्याला मी मिशनच्या पत्रकातली वाक्यं जोडली: दीनांचा कैवार, मजुराची मजुरी, मिसरच्या फारो राजाने गुलामांकडून थापून घेतलेल्या विटा, सगळं एका दमात. आज्ञा पाळायची तर विटा थापणाऱ्यांनी मिसरातच राहायला हवं होतं, असंही म्हणाले.

"मुली," पाळकसाहेब म्हणाले, "तू पत्रकं वाचून बोलते आहेस."

"अर्धी तुम्हीच दिलीत."

"गप गं," वडील म्हणाले, पण त्यांची मिशी हलली. पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "मी चुकत असेन तर प्रभू मला दाखवो," ते म्हणाले. "पण दाखवीपर्यंत मला जे समजतं तेच मी सांगणार."

"सांगा की. मी बसतोच हाय दाराशी, ऐकायला."

मला आजही पाळकसाहेब चुकलेच होते असं वाटतं. ज्याची सत्ता त्याची आज्ञा, हा सोयीचा धर्म आहे, आणि सोय नेहमी सत्तेचीच होते. पण सोय बघणारा माणूस मे महिन्यात ट्रकच्या टपावर बसून दुसऱ्याच्या घरासाठी कल्याणला जात नाही. या दोन गोष्टी मला अजून एका वाक्यात बसवता आलेल्या नाहीत. पत्रकात तर मुळीच बसत नाहीत.

आम्ही क्वार्टर सोडलं. मामा बैलगाडी घेऊन आले. दोन ट्रंका, भांडी, वडिलांचं शास्त्र, आईचे डबे आणि उल्हास नदीचा पूल ओलांडून दहिवली. मामांच्या घराची पडवी मामीने शेणाने सारवून ठेवली होती.

"या वन्सं," मामी म्हणाली, "तुमचा येशू आन आमचा बुद्ध, दोघं मिळून बघू काय करतात ते."

"तुमचा तर काहीच करत न्हाई म्हणत्यात," आई म्हणाली. "डोळं मिटून बसतो."

"तुमचा तरी कुटं खाली उतरतोय!"

अशा त्या दोघी. मामा एकदा वडिलांना म्हणाले, "दाजी, आपण एकाच गावकुसाबाहेरची मानसं. तुमी आधी निघालात, आमी मागून. आता आमच्यात या की. पोरीला शिकायला सवलत तरी लागंल. ख्रिस्ती म्हनून काय मिळतंय तिला?" हे खरं होतं. माझ्याबरोबर शाळेत जाणाऱ्या त्यांच्या मुलीला फीमाफी होती, मला नव्हती; आजोबा आणि मामांचे वडील मात्र आपापल्या गावच्या पाणवठ्यावरून सारखेच हाकलले गेलेले. मी त्यावर रागाने बोलतच असते. वडील एवढंच म्हणाले, "सवलत दिली असती तर आवडलं असतं. पर सवलतीपायी देव बदलला, तर तुमीच उद्या मला घरात घेनार न्हाई." मामा म्हणाले, "तेबी खरं," आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पडवीत तीन दगडांच्या चुलीवर आई शिजवू लागली. मामीने दिलेले, वडिलांनी कुठे कुठे हमाली करून आणलेले, असे तांदूळ. मूठ चालूच. आम्ही पेज प्यायचो, पाण्यात शितं शोधावी लागत, आणि त्या डब्यात मात्र सुके तांदूळ हळूहळू वर येत होते. एकदा मी झाकण उघडून बघत राहिले. आईने माझ्या हातून ते घेतलं आणि लावलं. 

मग तो शुक्रवार. आई नदीवर धुणं घेऊन गेली होती, मी युनियनचे कागद वाटायला बाजारात. शेलूकडचे काही संपवाले पोलिसांना चुकवत रानातून चालत मामांकडे आले. दोन दिवस त्यांच्या पोटात करवंदांशिवाय काही नव्हतं. मामीने आपली मडकी बघितली, अपुरी वाटली, आणि पडवीतल्या आमच्या डब्यांतला तांदळाचा डबा उचलला. मी परत आले तेव्हा ते संपवाले पत्रावळीवर बसले होते आणि आई ओलं धुणं खांद्यावर घेऊन दारात उभी होती.

"वन्सं, तुमच्या डब्यातलं घेतलं हां," मामी वाढता वाढता म्हणाली. "भरून देईन."

"कोनच्या डब्यातलं?"

"तो चटनीच्या बाजूचा."

आईने धुणं खाली ठेवलं. "तो प्रभूचा डबा हुता."

"कुनाचा?"

मामा म्हणाले, "अगं, देवाचं जेवलो आपण!" एका संपवाल्याचा घास तोंडाशी थांबला. तो बिचारा खरंच गोंधळला होता. "ताई," तो म्हणाला, "परत ठेवू का?"

कोणीतरी हसलं. आई हसली नाही. तिचा चेहरा मी तसा पुन्हा कधी बघितला नाही. मामीला ते लागलं आणि ती भडकली. "मंग सांगायचं नाय का? देवाचा डबा आन ठेवलाय चटनीला टेकून! आमच्या घरात देवच नाय ठेवले, मला काय कळनार कुनाचा तांदूळ कुनाचा!"

आई बाहेर जाऊन आंब्याखाली उभी राहिली. मी गेले. मला वाटलं रडत असेल, पण ती नदीकडे बघत होती. "तुझी आजी मेली त्या दिशीबी मूठ चुकली न्हाई," ती म्हणाली. "आता परवा मी काय नेऊ?"

"काहीच नको नेऊ," मी म्हणाले. "नाहीतरी जाणार त्या माणसाकडंच."

तेवढ्यात वडील आले. दारातल्या माणसाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, आत गेले आणि संपवाल्यांच्या पंगतीत बसून मामीपुढे पत्रावळ धरली.

आई दारात आली. "तुमी खाताय ते?"

"भुकेली मानसं हायेत," वडील म्हणाले. "मी बसलो न्हाई तर त्यांना अर्ध्या जेवनावरनं उठावं लागंल."

आई आत आली. मग मामीच्या हातातला डाव घेऊन ती वाढू लागली. उरलेल्यातलं थोडं तिने मला दिलं. स्वतः जेवली नाही, आणि मामीशी बोललीही नाही. मोठ्या मनाच्या बायका अशा वेळी लगेच हसतात असं गोष्टींत असतं. माझी आई फुगून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने आपल्या कणगीतले तांदूळ सुपात आणून आमच्या चुलीशी ठेवले. आईचा हात सवयीने सुपात गेला, मूठ भरली, आणि तिथेच थांबला.

"काढा की," मामी म्हणाली. "का आमच्या तांदळानं बाटंल तुमचा डबा?"

"तसं न्हाई गं. दुसऱ्याचं उचलून देवाला दिलं, तर ते माझं देनं कसलं?"

"मंग माझं म्हनून टाका." मामीने स्वतः मूठ भरून डब्यात टाकली. तिचा हात आईच्या हातापेक्षा मोठा होता. "आन देवाला नाय हां. त्या पाळकाच्या पोरांना. परवा मी बाजारात बघितली, चिपाडं झाल्यात. तुमची सगळी मंडळी संपात नायतर गावाला. त्यांना आता कोन डबा देतंय?"

हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी बाबांना दाराशी बसवलं," मी म्हणाले.

"मंग पोरांनी उपाशी बसावं व्हय?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं, फक्त ते कागदावर होतं. मिशनच्या एका पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी पाळकांना सवाल लिहिले होते. रविवारी उपासना संपली की सगळ्यांसमोर उभं राहून ते वाचायचे आणि आमचं घर मंडळीतून बाहेर पडतंय हे जाहीर करायचं, असं मी ठरवलं होतं. वडील बाहेर पडणार नाहीत हे मला माहीत होतं. पण मुलगी बाहेर पडली तर बाप किती दिवस दाराशी बसेल, असा माझा हिशेब होता. आईला मी कागद दाखवला. तिला अक्षरओळख बेताची होती, तरी तिने तो वरून खालपर्यंत पाहिला.

"वाच," ती म्हणाली. "पर डबा ठिवल्यावर."

रविवारी आम्ही पूल ओलांडून गेलो. प्रार्थनामंदिरात पत्रा तापलेला आणि माणसं मोजकी. पाळकीणबाई पुढे बसल्या होत्या, मुलं त्यांना चिकटून. आईने मेजापुढे डबा ठेवला. आजूबाजूला दुसरा डबा नव्हता. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे.

गीत झालं. पाठाची वेळ आली आणि कोणी उठलं नाही. बुकिंगमधला कारकून त्या दिवशी आलाच नव्हता. कामावर गेलेली माणसं बाहेर पडायला घाबरत होती. मेजावर शास्त्र उघडं होतं. पाळकसाहेब रिवाज मोडून वाचू शकत नव्हते, आणि शब्द मोडून वडिलांना बोलावू शकत नव्हते. त्यांनी दाराकडे बघितलं. वडील स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. न बोलावता उठणं म्हणजे पाळकांना लाजवणं, ते त्यांच्याने होणार नव्हतं. दोन हट्टी, सज्जन माणसं, आणि मधे सगळी मंडळी घाम पुसत बसलेली.

मी उठले. हातात माझा कागद होता. पाळकसाहेबांनी तो पाहिला, बाजूला सरकले आणि मला मेजापाशी जागा दिली. मी काय वाचणार हे त्यांना कळलं असणार. मुलगी मेजाशी उभी राहण्याचा रिवाजही नव्हता. तरी ते सरकले.

मी सवालच वाचले असते. पण डोळे शास्त्राच्या पानावर गेले. त्या रविवारचा पाठ एका संदेष्ट्याचा होता. तो राजवाड्याच्या दारात उभा राहून राजाला तोंडावर सांगतो की मजुराला फुकट राबवून बांधलेलं घर टिकत नाही. माझ्या कागदापेक्षा त्याचा आवाज चढा होता. आणि मेजापुढे तो एकच डबा होता, त्याच्यापलीकडे ती मुलं. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, डब्याकडे होते. मी पाठ वाचला. सगळा, खूप मोठ्याने. बाहेर बाजारातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

नंतर पाळकसाहेबांनी डब्यावर प्रार्थना केली. एरवी ती लांब असे. त्या दिवशी दोन वाक्यं झाली, तिसरं अर्ध्यावर थांबलं आणि मंडळीने आपणहून आमेन म्हटलं.

दारात मी त्यांच्या हातात माझा कागद दिला. ते तिथेच उभ्याने वाचू लागले. "दुसरा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांवर मला तुझ्याशी वाद घालायचा आहे. बुधवारी ये." पाळकीणबाईंनी आईचा डबा परत आणला. रिकामा डबा परत करायचा नसतो आणि घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी अंगणातल्या गवती चहाच्या पाती कापून त्यात घातल्या होत्या.

परत जाताना पुलावर वडील म्हणाले, "वाचताना रागात शब्द गिळतीस. राग असू दे, शब्द मोकळा सोड."

आईने विचारलं, "मंग? सोडलीस का मंडळी?"

"नाय," मी म्हणाले. "पण मी त्यांच्याशी भांडणार हाय."

"भांड की. भांडायलाबी मानूस घरातच लागतंय. बाहेरनं नुसती दगडं मारता येत्यात."

त्यानंतर दोनच दिवसांत संप मागे घेतला. आम्ही हरलो. हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. माझ्या ओळखीच्या चांगल्या माणसांना त्या हरण्याने मोडलं. वडील कामावर गेले ते आधीची सगळी नोकरी खंडित होऊन, नव्या माणसासारखे. क्वार्टर मिळायला दिवाळी उजाडली, तोवर आम्ही मामांच्या पडवीतच होतो. मामांना कितीतरी महिने परत घेतलं नाही. तेवढे दिवस आईचं माप दोन घरांचं होतं. पावसाळा संपल्यावर पंचांनी वडिलांना पुन्हा मेजाजवळ बोलावलं. पाळकसाहेबांनी संप बरोबर होता असं कधी म्हटलं नाही आणि वडिलांनी तो चुकला असं कधी म्हटलं नाही. वडील वाचत, पाळकसाहेब समजावून सांगत, आणि बुधवारी मी दोघांशी वाद घालत असे. पाळकसाहेबांची बदली होईपर्यंत हे चाललं. विश्वास टिकवणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मला हे बुधवार आठवतात. कोणी कोणाला पटवू शकलं नाही आणि कोणी येणं थांबवलं नाही.

मी अजून त्याच मंडळीत आहे. येत्या रविवारी पंचांची बैठक आहे आणि तिथे मी विचारणार आहे की पंचांत बाई का नाही. काय काय बोलायचं ते काल आईला म्हणून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "पर जेवून जा. रिकाम्या पोटी भांडलीस का तुझं शेवटचं वाक्य कायम चुकतंय."